घोड्यांच्या अकरा जोड्या

ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट पिरीत क्लेम ट्रेवार्थाला लोक ‘आजीबाई’ म्हणत. पाठीमागे म्हणत तसेच तोंडावरही म्हणत, आणि त्याला त्याचं काही वाटत नसे. शिशाच्या कारखान्यात चौतीस वर्षं बॉयलरच्या कामावर काढलेला माणूस. एकसष्ट साली त्याच्या डोळ्यांदेखत बरोबरीचा एकजण साखळीवर टांगलेल्या झाकणाखाली वाकला होता, फक्त पडलेला पाना उचलायला. साखळी तुटली. त्या दिवसापासून क्लेमने एक गोष्ट मनाशी बांधून ठेवली, की अधांतरी असलेल्या लोखंडावर विश्वास ठेवायचा नाही. निवृत्तीनंतर जुन्या गाड्या दुरुस्त करायचा नाद लागला तेव्हाही त्याने ती गाठ सोडली नाही.

हा नाद पिरीत बऱ्याच जणांना होता. पन्नास-साठ सालातल्या गाड्या कुठल्यातरी शेतातून, कोंबड्यांच्या खुराड्यातून ओढून आणायच्या आणि घरामागच्या शेडमध्ये वर्षानुवर्षं त्यांच्याशी झटापट करायची. त्यांचा एक क्लब होता, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळे आपापल्या गाड्या घेऊन मैदानावर जमत आणि एकमेकांच्या बॉनेटखाली डोकं घालून उभे राहत. ज्याची गाडी आली नाही, त्याची त्या दिवशी सालटी काढली जात.

क्लेमच्या शेडमध्ये इंजिन चालू असताना दोन्ही दारं सताड उघडी असत, हिवाळ्यात वाऱ्याने हात आखडले तरी. ब्रेकचे ड्रम उघडले की तो आतली धूळ कधी हवेच्या नळीने उडवत नसे. जुन्या ब्रेकमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतं, ते छातीत जाऊन बसलं की वीस वर्षांनी वर येतं, असं तो सांगे आणि ओल्या फडक्याने ती पुसून, फडकं पिशवीत बांधून टाकून देई. पेट्रोलची टाकी रिकामी असली तरी तिला वेल्डिंगची काडी लावत नसे. पेट्रोलने हात धुणाऱ्याला तो शेडबाहेर काढी. त्याची बायको एल्वा म्हणायची, की ह्याला चहा दिला तर आधी कपाचा कान ओढून बघेल, नीट चिकटलाय ना.

पण बाकीच्यांच्या शेडमध्ये डोकावलं की क्लेमचा पाय दारातच अडे. कोणी गाडी विटांच्या चळतीवर चढवलेली, कोणी झाडाच्या बुंध्यावर, कोणी नुसत्या जॅकवर. आणि तिच्याखाली माणूस आडवा, शीळ घालत. क्लेम सांगून सांगून थकला. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. वीट वरून दाबली तर टिकते, पण एका कोपऱ्यावर वजन आलं की बिस्किटासारखी फुटते. लोक मान डोलवत आणि पुन्हा विटांकडेच वळत.

शेवटी त्याने स्वतःच घोड्या बनवायला घेतल्या. जाड पाइपचा उभा खांब, वर आसाला बसेल अशी खोबण, खाली काटकोनी लोखंडी अँगलचे तीन पाय. गाडी जॅकने उचलायची, आसाखाली दोन घोड्या सरकवायच्या, जॅक उतरवायचा, मग खाली जायचं. दोन वर्षांत त्याने अशा अकरा जोड्या केल्या. प्रत्येक घोडीवर त्याने दोन टनांचं ओझं रात्रभर ठेवून पाहिलं आणि मगच खांबावर छिन्नीने आपल्या आडनावाचा ‘टी’ उमटवला. ज्याला दिली त्याच्याकडून त्याने पै घेतली नाही. पिरीत पुढे म्हणच पडली, की क्लेमच्या घोडीवर गाडी म्हणजे चर्चच्या पायरीवर गाडी.

एक गोष्ट मात्र घडली होती, आणि ती त्याच्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हती. पहिल्या दोन जोड्यांच्या पायांखाली त्याने लोखंडाच्या रुंद पट्ट्या जोडल्या होत्या. तिसऱ्या जोडीच्या वेळी पट्ट्या संपल्या. त्याने विचार केला, की ह्या सगळ्यांच्या शेडला सिमेंटची जमीन आहे, सिमेंटवर पट्टी असली काय आणि नसली काय. पुढच्या नऊ जोड्या त्याने पट्टीशिवायच केल्या.

सहावी जोडी व्हिटो मिनर्व्हिनीची होती.

व्हिटो म्हणजे कोळंबीच्या बोटीवर जन्म गेलेला माणूस. बाप इटलीतल्या मोल्फेत्ताहून आलेला, आणि पिरीच्या धक्क्यावर त्याच्या गावची निम्मी माणसं. क्लेम बोलायला कंजूष, तर व्हिटोचं तोंड म्हणजे न आटणारी विहीर. तरी दोघांचं जमत असे. शुक्रवारी व्हिटो वर्तमानपत्रात गुंडाळून मासे आणून देई आणि एल्वाने केलेल्या पेस्ट्या घेऊन जाई. मांस-बटाटा भरलेल्या त्या पेस्ट्यांना तो नावं ठेवी आणि सहाच्या सहा संपवी. “क्लेम,” तो म्हणे, “तू मेलास ना, की वर गेल्या गेल्या देवाला विचारशील, ह्या ढगाखाली टेकू लावलाय का म्हणून.”

व्हिटोकडे अठ्ठावन्न सालची युट होती, मागे उघडा हौदा असलेली, माशाच्या वासाची. ईस्टरला क्लबच्या गाड्या रांगेने डोंगरापलीकडे जायच्या होत्या आणि त्या रांगेत आपली युट असली पाहिजे असा त्याने चंग बांधला होता. त्याच्या शेडला सिमेंटची जमीन होती खरी. पण ती जमीन दिसत नव्हती. बोट विकली तरी जाळी विकायला त्याचं मन झालं नव्हतं, आणि शेड छपरापर्यंत जाळ्यांनी, बोयांनी, दोरखंडांनी भरलेली होती. म्हणून युट बाहेर उभी असे, घरापासून रस्त्याकडे जरा उतरत जाणाऱ्या डांबरी वाटेवर.

फेब्रुवारीतला तो दिवस त्रेचाळीस अंशांचा होता. व्हिटोची बायको नुन्झिया मागच्या अंगणात बहिणीबरोबर टोमॅटोचा रस काढत होती. वर्षभराचा सॉस बाटल्यांत भरायचे ते दिवस. व्हिटो युटची मागची बाजू घोड्यांवर चढवून खाली गेला होता. एक बोल्ट गंजून बसला होता. त्याने पान्याला लांब पाइप लावला आणि सगळा जीव लावून ओढला असणार. हँडब्रेक लावलेला होता, पण हँडब्रेक मागच्या चाकांना, आणि मागची चाकं हवेत. पुढच्या चाकांना ठोकळे लावलेले नव्हते. उन्हाने डांबर लोण्यासारखं झालं होतं आणि घोडीचे अँगलचे पाय त्यात सकाळपासून हळूहळू रुतत होते, एका बाजूचे जास्त.

नुन्झियाने नंतर पोलिसांना सांगितलं, की कोणी ओरडलं नाही. फ्रीज आडवा पडावा तसा आवाज आला, आणि मग त्यांच्या रेडिओवर जे गाणं चालू होतं ते चालूच राहिलं. शेजारचे तिघे धावले आणि त्यांनी युट उचलली. उशीर झाला होता.

क्लेमला बातमी फोनवर कळली. फोन ठेवून तो शेडमध्ये गेला आणि बराच वेळ परत आला नाही, म्हणून एल्वा पाहायला गेली. तो स्वतःच्या गाडीखालच्या दोन घोड्या बाहेर काढून, उलट्या करून, त्यांचे पाय बघत बसला होता. त्या पहिल्या जोडीतल्या होत्या. त्यांना पट्ट्या होत्या.

अचानक झालेल्या मृत्यूची सरकारी चौकशी होते तशी झाली. तपासनिसाने व्हिटोच्या दोन्ही घोड्या अ‍ॅडलेडला नेल्या, मोजल्या, दाबून पाहिल्या. क्लेमलाही साक्षीला बोलावलं. त्याने कसं बनवलं, कशाचं बनवलं ते सरळ सांगितलं. पट्ट्या संपल्याचंही सांगितलं. कोणी ते खोदून विचारलं नाही. निकालात लिहिलं होतं, की घोड्यांचे सांधे शाबूत होते, त्या मोडल्या किंवा वाकल्या नाहीत. वाहन उष्णतेने मऊ झालेल्या उतरत्या डांबरावर उभं होतं, पुढच्या चाकांना अडसर नव्हता, आणि पायांखाली फळी किंवा पट्टी असती तर घोड्या रुतल्या नसत्या. मृत्यू अपघाती. कोणावर ठपका नाही.

क्लबातल्या लोकांनी त्याची पाठ थोपटली. आता मनाला लावून घेऊ नकोस, कागदावर आलंय ना, असं म्हणाले. क्लेमने तो कागद घरी आणला आणि त्यातल्या ‘फळी किंवा पट्टी’ ह्या शब्दांवर त्याचं मन अडकून बसलं, फाटक्या सदऱ्याची बाही खिळ्यात अडकावी तसं.

आणि त्याहून वाईट गोष्ट त्याला रात्री नव्हे, दिवसाढवळ्या, चहा पिताना, मोजे घालताना आठवत राही. चार वर्षांपूर्वी, जुलैतल्या एका शुक्रवारी, तो व्हिटोकडे गेला होता. युट डांबरावर, घोड्यांवर उभी होती. थंडीचे दिवस, डांबर दगडासारखं. ते बघून त्याच्या मनात आलं होतं, की उन्हाळ्यात इथे खाली फळी हवी. ते मनात आलं होतं एवढं त्याला पक्कं आठवत होतं. पण ते तो बोलला होता का? त्यानंतरचं त्याला आठवे ते एवढंच, की व्हिटोने हातात माशांचं पुडकं दिलं आणि कुठल्यातरी चुलतभावाची गोष्ट सांगायला सुरुवात केली. मध्ये काय झालं तिथे कोरी जागा होती. तिथे तो पुन्हा पुन्हा जाई आणि रिकाम्या हाताने परत येई.

मार्च संपता संपता त्याने घोड्या परत गोळा करायला सुरुवात केली.

कोणाकडे कुठली जोडी आहे ते त्याला तोंडपाठ होतं. गाडी घेऊन तो दारात उभा राही आणि म्हणे, की घोड्या परत हव्यात, त्यात खोट आहे. लोक चकित होत. खोट कसली, निकाल वाचलाय आम्ही, असं म्हणत. काहींनी हसण्यावारी नेलं. एकाने सरळ सांगितलं, की दिलेली वस्तू परत मागतात का कोणी. पण क्लेम दारातून हलत नसे, आणि त्याचा चेहरा बघितला की माणसं मुकाट्याने शेडमध्ये जाऊन घोड्या आणून देत. पट्ट्या असलेली एक जोडी होती पोस्टातल्या एका गृहस्थाकडे. ती नीट होती. तीही त्याने आणली. कुठली चांगली आणि कुठली वाईट हे बघायच्या पलीकडे तो गेला होता.

मग तीन दिवस तो शेडमध्ये गॅस कटर घेऊन बसला आणि त्याने दहा जोड्या कापल्या, आपली स्वतःची धरून. खांब वेगळे, पाय वेगळे. तुकडे भंगारवाल्याने नेले. एल्वा स्वयंपाकघराच्या खिडकीतून ठिणग्या बघत होती. ती काही बोलली नाही. तीस वर्षं शाळेच्या उपाहारगृहात काढलेली बाई, कधी बोलायचं हे तिला कळत असे.

अकरावी जोडी पोलिसांनी नुन्झियाला परत केली होती.

तिच्याकडे जायला क्लेमला मे उजाडला. तोवर तो तिला दफनाच्या दिवशी, चर्चच्या पायऱ्यांवर, गर्दीत एवढाच भेटला होता. तिने त्याला मागच्या अंगणात नेलं. तिथे द्राक्षाच्या मांडवाखाली व्हिटोच्या दोन घोड्या उभ्या होत्या, त्यांच्यावर एक फळी टाकलेली, आणि फळीवर तुळशीसारख्या वासाच्या पानांच्या कुंड्या. त्या सॉसमध्ये घालायच्या पानांच्या.

क्लेमला बसवेना. उभ्यानेच तो म्हणाला, “नुन्झिया, ह्या मी घेऊन जातो. बाकीच्या सगळ्या कापल्या.”

“कळलं मला,” ती म्हणाली. “ह्या राहू देत.”

“ह्यांच्याकडे बघवतं तरी कसं तुला?”

“तुझ्या नाहीत त्या, क्लेम. व्हिटोच्या आहेत. तू त्याला दिल्यास.”

ती कुंड्यांमधली वाळलेली पानं खुडत राहिली. क्लेमने मग ज्यासाठी आला होता ते विचारलं. चार वर्षांपूर्वी, थंडीत, आपण व्हिटोला फळी घालायला सांगितलं होतं का. तो घरात काही बोलला होता का. नीट आठवून बघ.

नुन्झियाने हातातली पानं खाली टाकली. “हे विचारायला आलास तू?”

क्लेम घोडीच्या पायांकडे बघत होता.

“मला माहीत नाही,” ती म्हणाली. “तो घरी येऊन शंभर गोष्टी सांगायचा, मी चारातली एक ऐकायचे. आता वाटतं सगळ्या ऐकायला हव्या होत्या. पण क्लेम, मला माहीत असतं तरी मी तुला सांगितलं नसतं. सांगितलं होतंस म्हणाले, तर तू हलका होऊन घरी जाशील आणि माझा नवरा मूर्ख ठरेल. नव्हतं सांगितलंस म्हणाले, तर तू इथेच पडशील. मी दोन्ही करणार नाही. माझं मलाच जड झालंय.”

तिने त्याला हाकललं नाही. कॉफी ठेवली, बिस्किटं दिली. पण निघताना फाटकापर्यंत ती आली नाही. क्लेम डांबरी वाटेवरून चालत गेला. वाटेवर दोन जागी, हात-दीड हात अंतरावर, तीन-तीन टोकांच्या लहान खळग्या होत्या. त्यांत पावसाचं पाणी साचलं होतं.

त्या हिवाळ्यात क्लेम मैदानावर गेला नाही. त्याने आपली गाडी आच्छादन घालून झाकून ठेवली. एल्वाला वाटलं, काळ जाईल तसं माणूस सावरेल. पण ऑगस्टमध्ये एके दिवशी दुपारी आर्नो नित्श्केच्या बायकोचा फोन आला.

आर्नो म्हणजे क्रिस्टल ब्रूक गावाजवळचा गव्हाचा शेतकरी, बोलण्यात संथ, हसला तरी आवाज न करणारा. क्लेमने त्याच्याकडूनही एक जोडी परत नेली होती. आर्नोने तेव्हा एक शब्द विचारला नव्हता, उलट घोड्या पुसून दिल्या होत्या. पुढे त्याला गाडीचं काम करायचं झालं. घोड्या नव्हत्या. बाजारातून आणू म्हणून ठेवलं, पेरणीच्या गडबडीत राहून गेलं, आणि शेवटी त्याने पूर्वीसारख्या विटा रचल्या. क्लेमच्या घोड्या यायच्या आधी वीस वर्षं त्याने विटांवरच तर काढली होती. ह्या खेपेला एक वीट फुटली. अंग बाहेर होतं, उजवा हात आत होता.

हात वाचला, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे कापावा लागला नाही. पण कोपर असं चुरलं होतं, की तो हात पुढे कधी सरळ झाला नाही आणि बोटांत कप धरण्याएवढंही बळ राहिलं नाही.

फोन झाल्यावर क्लेम खुर्चीत बसून राहिला. एल्वा समोर येऊन बसली आणि मार्चपासून पोटात ठेवलेलं बोलली.

“तुला राग येईल, येऊ दे. तू घराघरांतून घोड्या उचलून आणल्यास. त्यांच्या जागी काय ठेवून आलास?”

क्लेमने तिच्याकडे बघितलं.

“त्या माणसांना पट्ट्या लावून दिल्या असत्यास, एक एक फळी दिली असतीस, दोन शब्द सांगितले असतेस. ते तुला सुचलं नाही. तुला फक्त तुझा ‘टी’ लोकांच्या शेडमधून पुसायचा होता.”

हे बोलून ती उठली आणि बटाटे सोलायला गेली. क्लेमच्या तोंडात मारल्यासारखं झालं, कारण त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. आयुष्यभर तो दुसऱ्यांना सांगत आला होता, की घाई करू नका, आधी टेकू लावा आणि मग दुसरा काढा. आणि त्याने स्वतः नऊ घरांचे टेकू एका फटक्यात काढून घेतले होते, खाली माणसं आहेत हे न बघता.

पुढच्या आठवड्यात त्याने लोखंड मागवलं. ह्या वेळी आधी पट्ट्या कापल्या, वीतभर रुंद, आणि मग बाकीचं. काम पूर्वीसारखं भराभर होईना. सदुसष्टावं वर्ष चालू होतं. एकेक सांधा तो दोनदा घासून पुन्हा घालत असे. सात जोड्या व्हायला उन्हाळा लागला. ह्या वेळी त्याने कुठेही अक्षर उमटवलं नाही. प्रत्येक जोडीबरोबर चाकाला लावायचे दोन लाकडी ठोकळे आणि जाड प्लायची एक फळी दोरीने बांधली.

पहिली जोडी तो आर्नोकडे घेऊन गेला. आर्नो व्हरांड्यात बसला होता, उजवा हात मांडीवर उताणा ठेवून. त्याने घोड्या बघितल्या, पट्ट्यांवरून डाव्या हाताचा अंगठा फिरवला.

“छान झाल्यात,” तो म्हणाला. “पण आता ह्यांचं मी काय करू? गाडी मी विकली, क्लेम. पाना कोणत्या हाताने धरणार?”

क्लेमने माफी मागितली. आर्नो गव्हाच्या शेताकडे बघत म्हणाला, की विटा त्याने स्वतःच रचल्या होत्या, क्लेमने नव्हे. मग थोड्या वेळाने, राग नाही, काही नाही, अशा सुरात त्याने पुस्ती जोडली, “पण तू त्या नेल्या नसत्यास तर बरं झालं असतं.” घोड्या त्याने ठेवून घेतल्या. नाही म्हणणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

बाकीच्या सहांपैकी चार जोड्या लोकांनी घेतल्या. दोघांनी घेतल्या नाहीत. त्यातला एक म्हणाला, की क्लेम, तू आज देशील आणि उद्या परत मागायला येशील, आम्ही दुकानातून आणल्यात. ते त्याने हसत हसतच म्हटलं, पण क्लेमला बसायचं तिथे ते बसलं. उरलेल्या दोन जोड्या त्याच्या शेडच्या भिंतीशी राहिल्या.

दुसऱ्या वर्षी क्लबच्या अध्यक्षाने त्याला विचारलं, की दर उन्हाळ्याच्या तोंडाशी सभागृहात सगळ्यांसमोर दहा मिनिटं बोलशील का, गाडीखाली जाताना काय काळजी घ्यायची त्यावर. क्लेमने आयुष्यात चार माणसांसमोर भाषण केलं नव्हतं. तरी तो हो म्हणाला. कागदावर लिहून नेई आणि मान वर न करता वाचून दाखवी. जॅक उचलण्यासाठी असतो. चाकांना ठोकळे लावा. डांबरावर, मातीवर फळीशिवाय घोडी ठेवू नका. खाली जाण्याआधी गाडीला कंबर लावून ढकलून बघा. पडायची असेल तर तुम्ही बाहेर असताना पडू दे. घरातल्या कोणालातरी सांगून खाली जा. ऐकणारे जमिनीकडे बघत ऐकत. मग चहा होई, केक होई, आणि कोणीतरी त्याला कार्ब्युरेटरबद्दल काहीतरी विचारी. एका माणसाचा अपघात झाला होता, एवढंच तो म्हणे. पुढचं कागदावर नसे.

अशी दोन वर्षं गेली. तिसऱ्या वर्षी, ऑक्टोबरात, धक्क्याजवळच्या मासळीच्या दुकानात नुन्झिया त्याला भेटली. ती वाळली होती. केस पांढरे झाले होते आणि ते तिने रंगवले नव्हते. व्हिटो गेल्यापासून तिच्या अंगावरचा काळा रंग उतरला नव्हता. दोघांनी एकमेकांची चौकशी केली. मग ती म्हणाली, “तू सभागृहात सांगतोस म्हणे.”

“सांगतो. वर्षातून एकदा.”

“माझा भाचा आला होता ऐकायला. एका माणसाचा अपघात झाला होता, असं म्हणतोस म्हणे तू.”

क्लेमला वाटलं तिला वाईट वाटलं असेल. तो घाईघाईने म्हणाला, “मी नाव घेत नाही, नुन्झिया. कधीच घेतलेलं नाही.”

“तेच म्हणतेय मी,” ती म्हणाली. “का घेत नाहीस? एक माणूस म्हणजे कोण? त्याला नाव होतं. एकसष्ट वर्षं सगळी पिरी त्याला नावाने हाका मारत होती.” दुकानदाराने तिचं पुडकं पुढे केलं, ते तिने पिशवीत घातलं. “नाव घे. आणि तुझंही घे.”

एवढं बोलून ती गेली. क्लेम आपली पाळी विसरून उभा राहिला. मागच्या बाईने त्याला दोनदा हाक मारली, तेव्हा तो पुढे सरकला.

त्या नोव्हेंबरात त्याने कागद नेला नाही. सभागृहात तीसेक माणसं होती, पंखे चालू होते. तो उभा राहिला आणि सवयीने कागदासाठी खिशात गेलेला हात त्याने बाहेर काढला. मग तो म्हणाला, “माझा मित्र व्हिटो मिनर्व्हिनी त्याच्या युटखाली मेला. तिच्याखालच्या घोड्या मी बनवल्या होत्या. पायांना पट्ट्या लावायच्या मी टाळल्या, कारण पट्ट्या संपल्या होत्या आणि मला आणायला जायचा कंटाळा आला. तो डांबरावर काम करतो हे मी बघितलं होतं. मी त्याला सांगितलं की नाही, ते मला आठवत नाही. नंतर मी तुमच्या घोड्या काढून घेतल्या आणि आर्नोचा हात गेला.”

पुढचं, ठोकळ्यांचं, फळीचं, तो नेहमीसारखं बोलला. आवाज बारीक होता, पण मागच्या रांगेपर्यंत गेला. बोलून झाल्यावर कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. अध्यक्षाने आभार मानले. चहाच्या वेळी त्याच्याभोवती जरा जागा मोकळी राहिली. एकजण जवळ आला, त्याने क्लेमच्या दंडाला हात लावला आणि तसाच निघून गेला. तो विटांवर गाडी चढवणाऱ्यांपैकी होता. त्याने पुढे विटा सोडल्या की नाही, ते क्लेमने कधी विचारलं नाही.

त्यानंतर अजून पाच उन्हाळे तो बोलला, दर वेळी तेच, त्याच नावांनी. त्याला हलकं वाटलं असं तो कधी म्हणाला नाही. एल्वाने एकदा विचारलं, तर म्हणाला, हलकं व्हायला मी तिथे जात नाही. मग गुडघे गेले आणि त्याचं जाणं थांबलं. शेड त्याने शेजाऱ्याला सामान ठेवायला दिली. गाडी आच्छादनासकट कोणीतरी अ‍ॅडलेडहून येऊन घेऊन गेलं, आणि तो घेणारा ती ट्रेलरवर चढवत असताना क्लेम काठी टेकत बाहेर आला. चाकांना ठोकळे लावलेत का, ते वाकून बघून आत गेला.